तारण : कशापासून आणि कशासाठी?

पेठेतल्या सहकारी बँकांवरून नजर टाकीत चला, ‘सोने तारणावर कर्ज मिळेल’ अशी एखादी तरी पाटी हटकून दिसते. रविवारी सकाळी एखाद्या मराठी ख्रिस्ती देवळावरून गेलात तर आतल्या भजनातून, प्रार्थनेतून, पाळकसाहेबांच्या प्रवचनातून नेमका हाच शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतो. बँकेतले तारण म्हणजे आईच्या पाटल्या नाहीतर बायकोचा चपलाहार. देवळातले तारण म्हणजे माणसाचा जीव. एकाच शब्दाने ही दोन टोके कशी सांभाळली याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण दोन्हींचे कुळ एकच आहे. तरणे म्हणजे पार जाणे आणि तारणे म्हणजे पार नेणे. तारू, तीर्थ ही सगळी त्याच गोतातली मंडळी. बुडू पाहणाऱ्या पैशाला सावकाराच्या दृष्टीने जे वाचवते ते तारण, आणि बुडत्या माणसाला जे वाचवते तेही तारणच.

गंमत अशी की, ज्या ग्रीक भाषेत ख्रिस्ती शास्त्राचा नवा करार लिहिला गेला, तिथेही या कल्पनेचा एक पाय बाजारातच रोवलेला आहे. तिथला ‘अपोलिट्रोसिस’ हा शब्द गुलामाला किंवा युद्धकैद्याला किंमत मोजून सोडवून आणण्याच्या व्यवहारातला. रोमन साम्राज्यात माणसे विकली जात, आणि कोणी धनको पुढे होऊन मोल भरले तर ती मोकळीही होत. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत असे गुलाम आणि सुटलेले गुलाम होते. त्यांना ही उपमा समजावून सांगण्याची जरुरी नव्हती. मराठी बायबलात या किमतीला ‘खंडणी’ असा शब्द योजलेला आढळतो. आपल्याला खंडणी म्हटले की पेशवाईतल्या मोहिमा आठवतात, आणि अलीकडे तर वर्तमानपत्राचे गुन्हेगारीचे पान! तेव्हा येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, हे वाक्य वाचताना नवखा मराठी वाचक क्षणभर बिचकला तर दोष त्याचा नव्हे.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीतला, पण घाट अस्सल मराठी पुराणाचा. स्वर्गासाठी शब्द हवा म्हणून त्याने बेलाशक ‘वैकुंठ’ घेतले. ऐकणारे नुकतेच ख्रिस्ती झालेले गोमंतकीय. त्यांना दुसरा कोणता शब्द कळणार होता? पुढे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली सगळा नवा करार मराठीत आला, तेव्हाही प्रश्न हाच. मोक्ष, मुक्ती, उद्धार, तारण असे चार शब्द समोर, आणि प्रत्येकाच्या पाठीवर हजार-दीड हजार वर्षांचे गाठोडे. शब्द उचलला की गाठोडेही घरात येते. मराठी ख्रिस्ती बोलीत अखेर ‘तारण’ रुजला, आणि माझ्या मते तो चांगला रुजला. त्यात पाणी आहे, नाव आहे आणि कोणीतरी दुसरा वल्हवीत आहे.

मोक्ष म्हणजे सुटका. आपल्या समजुतीप्रमाणे जन्ममरणाच्या फेऱ्यातून. ख्रिस्ती विचारात हा फेराच नाही. माणूस एकदा जन्मतो, एकदा मरतो, आणि देवाने निर्माण केलेले जग हे मुळात चांगले आहे. मग सुटायचे कशापासून? शरीरापासून तर मुळीच नाही, कारण ख्रिस्ती श्रद्धेत शरीरासह पुनरुत्थानाची आशा आहे. ब्रह्मात विलीन होणे हेही तिथले ध्येय नव्हे. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातले अखेरचे चित्र एका नगराचे आहे. देव माणसांत राहायला आला आहे आणि रडणाऱ्यांची आसवे पुसली जात आहेत. एकांतातल्या योग्याचे चित्र तिथे नाही, वस्तीचे आहे.

सुटका हवी ती पापापासून. पाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कृत्यांची यादी येते. ग्रीक नव्या करारातला शब्द आहे ‘हमार्तिया’, म्हणजे मुळात नेम चुकणे. बाण सुटला खरा, पण लक्ष्याला लागला नाही. माणसाचे देवाशी आणि शेजाऱ्याशी जे नाते असायला हवे ते तुटले आहे, आणि ते तुटलेपण त्याला स्वतःला सांधता येत नाही, हे ख्रिस्ती निदान. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःविषयी मोठ्या कळवळ्याने हेच मांडले आहे. त्याचा आशय आपल्याकडची कोणतीही आजी चार शब्दांत सांगेल : कळते पण वळत नाही. इतर अनेक धर्ममार्ग म्हणतात, वळवायचा यत्न कर. ख्रिस्ती धर्म म्हणतो, यत्न कर. पण वळवणारा हात तुझा नव्हे. त्या हाताला तो कृपा म्हणतो.

शुभवर्तमानांत ‘बरा झाला’ आणि ‘तारला गेला’ यांसाठी पुष्कळदा एकच क्रियापद येते. बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली बाई येशूच्या वस्त्राला स्पर्श करते, तिथेही तेच. पण तारणाचा अर्थ मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो लूकने सांगितलेल्या जक्कयच्या गोष्टीत. जक्कय हा यरीहो शहरातला जकातदारांचा मुख्य. रोमन सरकारसाठी कर गोळा करणारा, वर आपला हात मारणारा, आणि म्हणून गावाने वाळीत टाकल्यासारखा. ठेंगणा होता, गर्दीत दिसेना, म्हणून झाडावर चढून बसला. येशूने त्याला खाली बोलावले आणि आज तुझ्याच घरी उतरणार असे सांगितले. लोक कुरकुरले. जक्कय मात्र उभा राहून म्हणाला की, निम्मी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. तेव्हा येशूने त्या घराचे तारण त्याच दिवशी झाल्याचे जाहीर केले. जक्कयच्या मृत्यूनंतर नव्हे, पुढच्या लोकीही नव्हे. त्याच दिवशी, त्याच घरात, हिशेबाची वही उघडली तेव्हा. क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. आधी पाहुणा घरी आला, मग चौपट परतफेड झाली. परतफेड केल्यावर येईन, असे पाहुण्याने म्हटले नव्हते.

आता दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमेबाहेर एका टेकडीवर एक माणूस क्रुसावर मेला, त्याने दुसऱ्या कोणाचे तारण कसे होते, हा प्रश्न सुज्ञ वाचक विचारणारच. ख्रिस्ती पंडितांनीही तो विचारला, आणि उत्तरे अनेक दिली. ग्रेगरी ऑफ निस्सा या चौथ्या शतकातल्या धर्माचार्याची उपमा तर थेट कोळीवाड्यातली : मानवी देह हे आमिष, आत देवत्वाचा गळ, आणि सैतान हा मासा. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८च्या सुमारास पुरा केलेल्या ग्रंथात ऋणाचा हिशेब मांडला. माणसाने देवाच्या सन्मानाचे देणे थकवले, ते फेडण्याची ऐपत माणसात नाही आणि जबाबदारी मात्र माणसाचीच, म्हणून देवानेच माणूस होऊन फेडले. सरंजामशाहीत वाढलेल्या माणसाला हे चटकन पटावे. पुढच्याच पिढीतला आबेलार म्हणाला की, हिशेब कसला करता? इतके प्रेम पाहून माणसाचे हृदय पाझरते, तेच तारण. विशेष हे की, ख्रिस्ती सभेच्या प्राचीन श्रद्धाकथनांनी आमच्या तारणासाठी तो आला एवढेच सांगितले. कसे, याची एकच रीत ठरवून दिली नाही.

या ‘कसे’वरून पुढे युरोप दुभंगला. मार्टिन ल्यूथर हा जर्मन मठवासी. उपासतापास, जागरणे, पापकबुली सगळे करूनही आपण देवाला पटलो की नाही ही धास्ती त्याच्या मनातून जाईना. त्याच सुमारास रोमच्या सेंट पीटर देवालयाच्या बांधकामासाठी पापदंडमाफीच्या पत्रांची विक्री चालली होती. १५१७ साली त्याने तिच्याविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे मांडले आणि एक वणवाच पेटला. तारण विकत मिळत नाही, कमावताही येत नाही, ते विश्वासाने नुसते घ्यायचे असते, हे त्याचे म्हणणे. रोमन कॅथॉलिक सभेने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले की, आरंभ कृपेनेच होतो हे खरे, पण माणसाचा सहकार आणि सत्कर्मे वगळून चालणार नाही. या भांडणापायी जी माणसे मेली ती आता सांगून उपयोग नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे लूथरपंथी महासंघ आणि रोमन कॅथॉलिक सभा यांनी या प्रश्नावरच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लागला!

पण पंडितांचे वाद बाजूला ठेवून ही कल्पना एका मराठी बाईच्या आयुष्यात कशी उतरली ते पाहणे अधिक बोधक ठरेल. पंडिता रमाबाई हे नाव आपल्या वाचकांना स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात ठाऊक आहे. ‘शारदा सदन’, आनंदीबाई कर्वे, अमेरिकेचा प्रवास एवढे बहुधा पाठ्यपुस्तकात असते. त्यांच्या जीवनाचा मधला धागा हा तारणाचा शोध होता, हे मात्र आपण भिडेखातर गाळतो.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवण्याच्या हट्टापायी लोकांचा रोष ओढवून घेतलेला विद्वान गृहस्थ. मुलीला आईने शिकवले. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि तीर्थयात्रांत संपले होते, आणि शास्त्र्याच्या घराने मजुरी कशी करावी? व्रते केली, अनुष्ठाने केली, देवतेच्या प्रसादाची वाट पाहिली. अकरा दिवस पाण्यावर आणि झाडपाल्यावर काढले. वडील गेले, आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरली आणि हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच त्यांना धर्मशास्त्राचे अधिक वाचन करावे लागले, कारण लोक स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्या म्हणत. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, ग्रंथाग्रंथांत शेकडो बाबतींत मतभेद आढळले. पण स्त्रीजात वाईट आणि पुरुषाप्रमाणे मोक्षाला ती पात्र नाही, या मुद्द्यावर सगळ्यांचे एकमत दिसले. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती ठेवली, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही असे पंडिता म्हणवणाऱ्या या बाईंनीच त्यांना सांगितले! गीतेच्या नवव्या अध्यायात स्त्रियांनाही परमगतीचे आश्वासन आहे, आपल्याकडे जनाबाई होऊन गेली, मुक्ताबाईच्या तर नावातच मुक्ती आहे, असे कोणी म्हणेल. ते सारे खरे. पण अध्यायात असणे निराळे आणि ओसरीवर असणे निराळे. पती हाच देव, त्याची सेवा हीच गती, आणि पुढला जन्म पुरुषाचा मिळाला तर मग पाहू, हीच शिकवण ओसरीवर चालू होती.

भाऊ वारला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीविवाह केला. जातीने ते शूद्र गणले जात. दीड-पावणेदोन वर्षांत पटकीने तेही गेले. मागे राहिली ती तान्ही मनोरमा. सिल्चरच्या घरी एकदा बंगालीतले लूकचे शुभवर्तमान हाती लागले होते; पुण्यात आल्यावर नेहेम्या गोरे या फादर झालेल्या चित्पावन पंडिताशी चर्चा झाल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथल्या जोगिणींच्या मठात उतरल्या.

बुद्धीला कोडे पडले होते ते एका भेटीने सुटले. मठाच्या भगिनी लंडनजवळ फुलम येथे ‘वाईट मार्गाला लागलेल्या’ स्त्रियांसाठी घर चालवीत. रमाबाई तिथे गेल्या. अशा बाईला आपल्या समाजात काय मिळते हे त्या जाणत होत्या; तिथे तिला अंथरूण, काम आणि आदर मिळत होता, इतकेच नव्हे तर सावरलेल्या काही स्त्रिया आता दुसऱ्या आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. हे कोण करवते, असे त्यांनी विचारले. एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे झालेली, परजातीची. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, आणि देवाची उपासना या डोंगरावर की त्या, हा शास्त्रार्थ तिच्याशी करतो. पाणवठा, विटाळ, परजातीच्या हातचे पाणी ही सगळी शब्दकळा त्या ब्राह्मणकन्येला समजावून सांगायला नको होती. हिंदुस्थानातल्या दडपलेल्या स्त्रीला उभी करणारा तारणारा हाच, असा त्यांचा निश्चय झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण म्हणून मठाने सांगितलेले सगळे त्यांनी मान डोलावून स्वीकारले असे मात्र नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रे १९७७ साली प्रसिद्ध झाली आहेत आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहेत. क्रुसावर लॅटिन अक्षरेच कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असे रमाबाई विचारतात. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवली ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालायला नव्हे, असेही सुनावतात. खाणे शेवटपर्यंत शाकाहारी. बिचाऱ्या सिस्टर हैराण! पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

याहूनही चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे ‘शारदा सदन’ चालू होऊन त्या नावारूपाला आल्यावर, त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, ख्रिस्त घेतलाच नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे पुस्तक वाचताना ही जाणीव झाली. हॅस्लम स्वतः आधी धर्मोपदेशक होता आणि त्याला तारणाचा अनुभव नंतर आला! तोवर रमाबाईंच्या लेखी तारण ही बुद्धीला पटलेली, समाजाला हितकर अशी गोष्ट होती. आता त्यांना कळले की चांगली कामे करून आपण आपली लायकी जमवीत होतो. पोथ्या बदलल्या, अनुष्ठान तेच राहिले. इतके सगळे केलेल्या बाईने स्वतःचे हात रिकामे आहेत असे म्हणावे, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला विचार करायला लावणारे आहे.

याची किंमतही पडली. सदनात धर्माची सक्ती नाही असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि मुली येऊन बसू लागल्या. उघडे दार म्हणजे आमंत्रण की नुसते उघडे दार, यावर १८९३ साली पुणे पेटले. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, ‘केसरी’ने कोरडे ओढले, पालकांनी मुली काढून नेल्या. मला यात दोन्ही पक्षांचे म्हणणे समजू शकते. ज्याला आपण वाचलो असे मनापासून वाटते त्याने दार लावून बसावे ही अपेक्षा अवघड. आणि विधवा मुलीला शिकायला पाठवणाऱ्या बापाने धास्तावू नये ही अपेक्षाही तितकीच अवघड.

तारणाच्या कल्पनेवर आक्षेप आहेत, आणि ते फुटकळ नाहीत. सर्वांत मार्मिक आक्षेप महाराष्ट्रातच घेतला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘मोक्षदाता’ आणि ‘मार्गदाता’ असा भेद केला आहे. बुद्धाने मोक्ष देतो असे म्हटले नाही, वाट दाखवली. चालायचे ज्याचे त्याने. ज्या समाजाला हजारो वर्षे दुसऱ्यांच्या दारी उभे केले गेले, त्याला आणखी एका दात्यापुढे हात पसरायला बाबासाहेबांनी सांगितले नाही, यात मोठा अर्थ आहे. ख्रिस्ती माणूस यावर म्हणेल की, बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक देऊन भागत नाही. बौद्ध म्हणेल की, तू बुडतो आहेस हे तुला सांगितले कोणी? हा वाद दिवाळी अंकाच्या चार पानांत मिटायचा नाही.

दुसरी शंका अशी की, नुसत्या विश्वासाने तारण होत असेल तर मग खुशाल पापे करा आणि शेवटी शरण जा! ही शंका पौलाच्या काळापासून चालत आली आहे आणि त्याने ती धुडकावून लावली आहे. जक्कयला ती सुचली नाही एवढे खरे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट आणखी निराळी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हाती दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या संसाराची त्याने जी दैना उडवली ती ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या घरांत सांगायला नको. त्या स्वतः पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या मनातून आधी गळाली ती जात. देवाने जाती केल्या नाहीत हे पटले, आणि मग बाकीचे आले. टिळक मात्र आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि पूल जाळून टाकणे त्यांना मान्य नव्हते. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. तिसऱ्या शतकातल्या सिप्रियन बिशपाने मंडळीबाहेर तारण नाही असे बजावले होते. रोमन कॅथॉलिक सभेने १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ज्यांना शुभवर्तमान स्वतःच्या दोषाशिवाय ठाऊकच झाले नाही पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकेल असे म्हटले. टिळक त्याआधी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच वारले होते.

रमाबाईंकडे पुन्हा वळू. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तो वर्तमानपत्रात वाचून हळहळण्याची त्यांना सोय नव्हती. झाडपाला खाल्लेले अकरा दिवस त्यांच्या पोटात होते. त्या स्वतः गेल्या, धर्मशाळांतून आणि मदतछावण्यांतून पोरक्या मुली, विधवा गोळा केल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावच्या माळावर आणल्या. तिथे जमीन घेतलेली होतीच. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या. वस्ती दीड हजारांवर गेली. या ठिकाणाला त्यांनी नाव दिले ‘मुक्ती’. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात भिंतींना तारण असे नाव देण्याची कल्पना आहे, तिच्यावरून ते घेतलेले. भुकेल्यांना अन्नाबरोबर धर्म दिला, हा ठपका तेव्हाही आला आणि आजही येतो. त्या मुलींना दुसरे कोण न्यायला आले होते, हा प्रश्न मात्र ठपका ठेवणारे सहसा पुरा करीत नाहीत.

१९०५ साली तिथे धर्मजागृतीची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत. बाहेरच्यांना, काही ख्रिस्ती मंडळींनाही, तो प्रकार रुचला नाही. मला केडगावचा खरा नवलाचा भाग वाटतो तो कामाचा. विहिरी खोदल्या, शेत पिकवले, माग लावले, दुधाची जनावरे पाळली, तेलाची घाणी चालवली. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले. फुलमला पाहिलेल्या घरासारखे ‘कृपासदन’ बांधले. आणि छापखाना घातला. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मुळावरून सोप्या मराठीत करायला घेतले, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावे अशा मराठीत. वर्षानुवर्षे ते काम चालले. खिळे जुळवायला, मुद्रिते तपासायला, छापायला त्याच मुली होत्या, ज्यांना कधीकाळी कोणी अक्षर शिकवणार नव्हते. १९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. केडगाव स्टेशनापासून जवळच ती संस्था आजही आहे. बायका आणि मुले अजून तिथे आसऱ्याला येतात.